दम लागणे आणि दम धरणे

'दम' हा शब्द फारसीतला. मूळ अर्थ श्वास. तो मराठीत आला, हिंदीतही आला, पण दोन्हीकडे वेगवेगळा रुळला.

आमच्या इंदूरच्या घरी एकदा आई जिना चढता चढता थांबली आणि माझ्या मुलाला म्हणाली, "दम लागला रे." हिंदी शाळेत शिकणारा तो हसून म्हणाला, "अजून लाव, आजी!" त्याच्या कानी 'दम लगाना' होते, म्हणजे जोर लावणे. तो पाणी घेऊन धावला, पण मी सांगितल्यावर.

मराठीत 'दम भरणे' म्हणजे धमकावणे. हिंदीत 'दम भरना' म्हणजे मैत्रीची, प्रेमाची ग्वाही देणे. हिंदीत 'दम निकलना' म्हणजे प्राण जाणे. आपल्याकडे 'दम निघत नाही' म्हणजे धीर धरवत नाही. मराठीत श्वासाचा अर्थ धीरापर्यंत गेला: 'जरा दम धर'.

आमच्या घरात शब्द टिकला होता, अर्थ मात्र बदलला होता. म्हणून शिक्षकांना विनंती, मुलांना सुटे शब्द देऊ नका. वाक्प्रचार वापरून दाखवा. आजीला नातवाशी मराठीतच बोलायचे असते.