स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा

रिकाम्या नाट्यगृहात तालीम झाली की आवाज घुमतो. भरल्या प्रयोगाला तितका घुमत नाही. प्रेक्षकांची अंगं, कपडे तो शोषून घेतात. आपल्या दिवाणखान्यात मात्र गुळगुळीत लाद्या, उघड्या भिंती आणि स्पीकर कोपऱ्यात! कोपऱ्यात खर्ज फुगतो, शब्द बुडतात. (हौशी मंडळींना हाच खर्ज आवडतो, ते सोडा.) हाल होतात आजोबांचे. वयाबरोबर आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांची ओळख तिथेच असते. आवाज वाढवला की शेजारी वैतागतात, संवाद तरी कळत नाहीत. आजोबा नाटक अर्धवट सोडून उठतात. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे, बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर ठेवा. खिडकीला जाड पडदा, खाली सतरंजी. खर्ज थोडा उतरवा. आजोबांची खुर्ची जवळ ओढा, आणि रिमोट त्यांच्याच हाती द्या.