डबीतली कॉफी
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

कॅप्सूलवर, म्हणजे कॉफीच्या छोट्या डबीवर चालणारं कॉफी मशीन घ्यायचं ठरलं की प्रश्न येतो, कुठलं घेऊ? मी उलट विचारतो, डब्या कोणाकडून घेणार? या धंद्यात मशीन एकदाच विकलं जातं, डबी रोज.

नेस्लेतले स्विस अभियंते एरिक फाव्र यांनी डबीच्या या कल्पनेचं पेटंट 1976 साली घेतलं. तिच्यावर चालणारं नेस्प्रेसो बाजारात आलं 1986 साली. मधली दहा वर्षं कशात गेली असतील, हे डबी कापून पाहिली की थोडंफार उमगतं. आत 5 ते 6 ग्रॅम दळलेली कॉफी, बाहेर हवाबंद ॲल्युमिनियम. दांडा ओढला की डबीच्या मागच्या बाजूला सुया टोचतात. पंप पाणी ढकलतो. ते तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातल्या अरुंद नळीतून येतं, त्यामुळे बॉयलरभर पाणी तापायची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या बाजूला मात्र सुई नाही! तिथली पातळ फॉइल आतल्या दाबानं फुगते, समोरच्या खवल्याखवल्यांच्या जाळीवर दाबली जाते आणि तिथे फाटते. तोवर कॉफी पुरेशा दाबाखाली भिजलेली असते. म्हणजे डबी हे नुसतं वेष्टन नाही, तो यंत्राचाच एक भाग आहे, आणि तो तुम्ही प्रत्येक कपाला नवा विकत घेता.

खोक्यावर ‘19 बार’ छापलेलं दिसेल. ती पंपाची कमाल ताकद. एस्प्रेसोला 9 बारच्या आसपास दाब पुरतो, तेव्हा त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

अमेरिकेतलं क्युरिग निराळं. 1998 साली ते आधी कचेऱ्यांसाठी आलं. त्यात वरून एक सुई, खालून एक, मध्ये कागदी गाळणी आणि बेताचा दाब. मगभर पातळ कॉफी मिळते, एस्प्रेसो नाही. पेटंटं संपल्यावर इतरांच्या स्वस्त डब्या आल्या, तेव्हा कंपनीनं 2014 साली परक्या डब्या ओळखून नाकारणारं मशीन काढलं. गिऱ्हाईक इतकं चिडलं, की पुढच्याच वर्षी कंपनीला चूक कबूल करावी लागली. नेस्प्रेसोचं व्हर्च्युओ डबीच्या काठावरचा बारकोड वाचतं आणि डबी मिनिटाला 7000 फेऱ्यांपर्यंत गरगर फिरवतं. तंत्र सुरेख, पण पर्यायी डब्या फारशा नाहीत. नेस्प्रेसोच्या जुन्या, ‘ओरिजिनल’ पद्धतीच्या डब्या अनेक कंपन्या करतात. माझा कौल तिकडे.

आता हिशेब. एक किलो कॉफीला अशा साधारण 180 डब्या लागतात. दुकानात एका डबीचा भाव विचारा, 180 नं गुणा आणि चिकमगळूरच्या चांगल्या कॉफीच्या किलोच्या दराशेजारी तो आकडा लिहा. क्युरिगचे एक जनक जॉन सिल्व्हन यांनी 2015 साली सांगितलं होतं, की हे मशीन त्यांच्या घरी नाही, महाग पडतं! कचऱ्याचं म्हणाल, तर हॅम्बुर्ग शहरानं 2016 साली सरकारी पैशानं अशा डब्या घेणं बंद केलं. ॲल्युमिनियम वितळवून परत वापरता येतं, पण त्यासाठी ते कोणीतरी गोळा करायला हवं. तुमच्या गावात कंपनी रिकाम्या डब्या परत घेते का, हे आधी विचारा.

आणि बोअरचं पाणी टाकीत ओतू नका. त्या अरुंद नळीत क्षार बसले की धार बारीक होते, कॉफी कोमट येते, आणि ती नळी घरी उघडता येत नाही.