काचेवरची वाफ

आंबोली किंवा ताम्हिणी घाटात पाऊस कोसळत असतो, गाडीत चार-पाच भिजलेली माणसं, ओल्या छत्र्या, काचा गच्च बंद. बघता बघता समोरची काच पांढुरकी होते आणि आपला हात ती पुसायला पुढे जातो. ते टाळा. हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि रात्री समोरून दिवे आले की नेमका तोच पट्टा चमकतो.

आधी बोट फिरवून बघा, वाफ आतून आहे की बाहेरून. आतून असेल, तर श्वासातला नि ओल्या कपड्यांतला दमटपणा थंड काचेवर जमलेला असतो. एसी लावा, झोत समोरच्या काचेकडे वळवा. एसी हवा नुसती गार करत नाही, तिच्यातलं पाणीही काढून घेतो; म्हणून तापमान वाढवलं तरी तो चालूच ठेवायचा. गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो ना, ते बटण मात्र बंद करा, नाहीतर तीच दमट हवा आत फिरत राहते. एसी नसेल, तर खिडक्या बोटभर उघडा. थोडं भिजायला होईल, इलाज नाही.

बाहेरून वाफ असेल, तर एसीने काच गारठलेली असते. वायपर फिरवा, तापमान वाढवा, झोत काचेवरून हटवा.

मळलेल्या काचेवर वाफ लवकर धरते, तेव्हा काच आतूनही पुसत जा. ओल्या मॅट रात्री गाडीत ठेवू नका. आणि घाटात दिसेनासंच झालं, तर सुरक्षित जागी थांबा. काच स्वच्छ झाल्याशिवाय निघू नका.