शाळेतील संगणक आणि सहावे वर्ष

शाळेत संगणक आला की संगणकशिक्षणही आले, असा समज सहज होतो. १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातील निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ संगणक मिळू लागले, तेव्हापासून हा प्रश्न उभा आहे. यंत्राची खरेदी एकदाच होते. वीज, दुरुस्ती आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो. २०१८ च्या ‘समग्र शिक्षा’ योजनेने हे ओळखले. शाळेस उभारणीसाठी ६.४० लाख आणि पाच वर्षे वार्षिक २.४० लाख रुपयांपर्यंत साहाय्य तिने ठरविले. पण यंत्रे थकू लागतात ती याच सुमारास. सहाव्या वर्षाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात झाली नाही, तर संगणककक्षाला कुलूप लागते आणि विद्यार्थी पुस्तकातील चित्रावरच संगणक शिकतो. विहीर खणणाऱ्याने पोहऱ्याचीही सोय पाहावी, हेच खरे.