गटातला नारळ



रोवणी आटोपली, आता घटकाभर बसायला सवड झाली असेल. आज आमच्याच गटातली गोष्ट सांगतो.

आमच्या बचत गटाची मिटिंग नारळ फोडून सुरू व्हायची. दोघी बौद्ध मैत्रिणी तेवढा वेळ दाराबाहेर उभ्या राहायच्या. आम्ही आपसात म्हणायचो, फार गर्व आहे यांना. एक दिवस त्यातल्या एकीनं गट सोडते म्हणून पासबुक पुढे ठेवलं, तेव्हा कुठे आम्ही कारण विचारलं. पाच वर्षं एका सतरंजीवर बसून विचारलं नव्हतं!

ती म्हणाली, "१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, तेव्हा माझी आजी तिथं होती. बावीस प्रतिज्ञांमध्ये देवदेवतांची पूजा करणार नाही, असा शब्द आहे. नारळाला हात जोडले तर तो मोडतो." बुद्धानं स्वतःला देव म्हटलं नाही, हेही तिनंच सांगितलं. दुःख आहे, त्याचं मूळ हावेत आहे, ते मूळ काढता येतं, एवढं त्याचं सांगणं. म्हणून पंचशीलात नशेलाही मनाई.

यावर आमच्या गोंड बहिणी हसल्या. त्यांच्याकडे पेनपूजेत मोहाच्या दारूचे थेंब वाहतात. पेन म्हणजे पूर्वजांची, निसर्गाची शक्ती. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात देवांचे. सारखे देव असले की भाऊबंद, तिथं सोयरीक नाही. कुळाचं झाड असेल तर त्यावर कुऱ्हाड चालवत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात दहा लाखांवर लोकांनी आपला धर्म गोंडी लिहिला. दारूबंदीच्या मोर्च्यात मात्र याच बहिणी पुढे असतात. देवाला थेंब वाहणं वेगळं आणि नवऱ्यानं मजुरी पिणं वेगळं, असं त्या स्पष्ट सांगतात.

आमच्यातल्या हिंदू बाया चैत्रात महाकालीला जातात, शिवरात्रीला मार्कंड्याला. देवाची रूपं अनेक, केलेलं कर्म पुढच्या जन्मी फिरून येतं, असं त्या मानतात. ख्रिस्ती मैत्रीण रविवारी प्रार्थनेला जाते. येशूनं आपल्या पापांसाठी प्राण दिला आणि तो पुन्हा उठला, ही तिची श्रद्धा. भद्रावतीला गेलात तर पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी एकाच गावात दिसतील. मुंगीलाही जपावं म्हणून कितीतरी जैन लोक दिवस बुडायच्या आत जेवतात.

खरा पेच पडला तो मुस्लिम मैत्रिणीचा. अल्लाह एक, पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, वर्षाच्या शिलकीतला चाळिसावा हिस्सा गरिबांना, हे आम्हाला थोडंफार ठाऊक होतं. पण व्याज घेणं त्यांच्यात हराम आहे, हे कळलंच नव्हतं. आणि आमचा गट तर चालतो व्याजावर! ती दर वर्षी व्याजातला वाटा न घेता गुपचूप गटातच ठेवत होती. आम्हाला वाटायचं, हिला हिशोब कळत नाही.

आता मिटिंग हजेरीनं सुरू होते. ज्यांना नारळ फोडायचा त्या आपल्या घरी फोडून येतात, खोबरं वाटतात, ज्यांना हवं त्या खातात. दोन जुन्या सदस्या यावर अजून रुसलेल्या आहेत. पासबुक परत गेलं. व्याजाचं कोडं मात्र सुटलेलं नाही. त्या मैत्रिणीनं कर्ज कसं घ्यावं, हा विषय पुढच्या मिटिंगला ठेवला आहे. तुमच्या गटानं काही वाट काढली असेल तर आम्हाला कळवा.