वेळासचा कासव महोत्सव आणि आपली खाडी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही भातगिरणीवर काम करणारी माणसं. पट्ट्याच्या खडखडाटात आयुष्य गेलं, म्हणून आवाज जरा मोठा लागतो, सांभाळून घ्यावं. विषय आहे कासवाचा. हसू नका, मागच्या बैठकीतही असेच हसला होतात.

गोष्ट २०२३ च्या मार्च महिन्याची. १९२७ साली २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आपण वडखळ नाक्यावरून महाडला जातो. वंदन करायचं, पुस्तकं घ्यायची, रात्री घरी. त्या वर्षी महिला मंडळाने ठरवलं की पोरांना घेऊन एक मुक्काम पुढे करायचा. मंडणगड तालुक्यात, वेळासला, कासव महोत्सव बघायला. बैठकीत केवढा वाद झाला! एक जण म्हणाले, "विहाराच्या पत्र्याला पैसे नाहीत आणि तुम्ही कासवं बघायला निघालात?" दुसरे म्हणाले, ही मुंबई-पुण्याच्या कॅमेरेवाल्यांची हौस. खरं सांगायचं तर आम्हीही त्यांच्याच बाजूचे होतो. बाया म्हणाल्या, पैसे भिशीचे आहेत, वर्गणीला हात लावणार नाही. मग बोलणार कोण? बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलंच. तिथे आपण कितीदा गेलो, पण त्या तालुक्याचा समुद्र काही पाहिला नव्हता.

एसटीची करारावरची गाडी केली. महाडहून म्हाप्रळ, मंडणगड आणि मग बाणकोटच्या बाजूने वेळास. छोटं गाव, नारळी-पोफळी, कौलारू घरं. तिथे लॉजमध्ये उतरायचं नसतं. गावातल्या घरांतच पाहुणे राहतात, तिथेच जेवतात, त्याचे पैसे त्या घराला मिळतात.

आता इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्याबरोबर एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. दुपारी ओटीवर पानं मांडली तरी त्या खाली अंगणातच उभ्या. आम्ही म्हटलं, आजी, चला. त्या हळूच म्हणाल्या, "अरे, आधी आडनाव विचारतील." लहानपणी त्यांना कोणाच्या अंगणात पाणी वरून ओतत असत, ते अंगातून गेलेलं नाही. सकाळी तळ्यावर "जयभीम" म्हणताना त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि दुपारी पाय उंबऱ्याशी अडला. घरची बाई भाताचं भांडं घेऊन बाहेर आली नि म्हणाली, "आजी, बसा लवकर, भात निवतोय." एवढंच. आजी बसल्या. आडनाव कोणी विचारलं नाही. दोन वेळा भात घेतला त्यांनी.

आता कासवाचं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री वाळूत येते, दीड फुटाचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून परत समुद्रात जाते. मागे राखण नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून नेत, राहिलेली कुत्री-कोल्हे उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये इथे संरक्षणाचं काम सुरू केलं. अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरायची, पन्नासएक दिवस राखायची, पिल्लं निघाली की समुद्रावर सोडायची. २००६ पासून त्याचा महोत्सव झाला. वाळूत पाऊल कुठे उमटलंय हे ज्यांना कळत होतं, त्याच गावातली माणसं राखणदार झाली. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर, हेही तिथेच कळलं.

संध्याकाळी दोरीच्या मागे सगळे बसलो. टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू! आमची पोरं रडायला लागली. आम्हीही मनात म्हटलं, भिशीचे पैसे वाळूत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत गेलो. टोपलीखाली अकरा पिल्लं, तळहातावर मावतील एवढी. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, म्हणून रात्री किनाऱ्यावर दिवे असले की ते चुकतं. एक पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकलं. आमच्या वस्तीतली पोरं, जी इथे दोन मिनिटं गप्प बसत नाहीत, श्वास रोखून बघत होती. चौथ्यांदा ते गेलं. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. पण होतं ते कुठवर जातं बघा. २०२१ मध्ये ओडिशात पट्टी लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या कोकणात गुहागरला अंडी घालायला आली.

परतताना गाडीत एका मुलीने विचारलं, "काका, आपल्या खाडीत काय असतं?" पन्नाशी ओलांडलेली आम्ही चार-पाच माणसं, उत्तर देता येईना. खाडीत काय असतं? चिखल असतो, म्हणालो.

हे उत्तर आम्हाला झोपू देईना. तिवराची मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात, त्यांतून झाड श्वास घेतं. तिथे निवटे आहेत, चिंबोऱ्या आहेत, बगळे आहेत, खंड्या आहे. तिवर लाटेचा मार आधी आपल्या अंगावर घेतो, म्हणून मागचा मातीचा बांध टिकतो. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं. खारं झालेल्या शेताचं भात गिरणीत आलं तर आम्ही हात घालून सांगतो, निम्मे दाणे पोचट. आणि पुढे पुढे तर ते भात येतच नाही, गिरणीचा पट्टा दुपारीच थांबतो, हजेरी अर्धी. तेव्हा हौस कोणाची नि पोट कोणाचं ते तुम्हीच ठरवा. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी केली आहे. तरी रात्री राबिटाच्या गाड्या तिवरात रिकाम्या होतात. नाव घ्यायला आम्ही इथे उभे नाही. पण पोरांना ते झाड ओळखता आलं, तर दिवसा विचारणारं कोणीतरी असेल.

म्हणून महिला मंडळाने ठरवलं आहे, बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी आपला खाडी-दिवस. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी लांब जातं, निवटे दिसतात. वेळ आपल्यातले जाळी टाकणारे सांगतील, कारण त्यांच्याइतकी खाडी इथे कोणाला माहीत नाही, आणि त्या दिवशी शिकवणारे गुरुजी तेच. जेवण ज्याने त्याने घरून आणायचं, बांधावर एकाच पंगतीत खायचं. कोणाला बोलवायचं? आगरी, कोळी, कातकरी वाडीवरचे, सगळ्यांना. आजींनी सांगितलंय, भात त्या वाढणार.

जुन्या चपला घालून या, चिखलात पाय घोट्यापर्यंत जातो. नावं लिहायची वही दाराशी ठेवली आहे. मागे बसून हसणाऱ्यांनी आधी लिहावं.

जयभीम.