मेणवलीचे दप्तर आणि गावचे कागद

(जीर्णोद्धार समारंभाच्या निमित्ताने झालेले भाषण)



देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की डोळ्यांपुढे शिखर, कळस, सभामंडप आणि नवी फरशी येते. ते योग्यच आहे. परंतु देवालय केवळ दगडाचे नसते. दिवाबत्तीचे तेल कोणी लावून दिले, नैवेद्याची शेती कोणी तोडून दिली, उत्सवाचा मान कोणाचा, पडझड झाली तेव्हा कोणाच्या घरून लाकूड आले, या साऱ्यांची मिळून देवालयाची दुसरी इमारत असते. ती कागदांची असते. दगडी इमारत जीर्ण झालेली सर्वांना दिसते. कागदांची इमारत मात्र पेटीत, माळ्यावर, फडताळात मुकाट्याने ढासळते आणि ती ढासळल्याचे गावाला कळतही नाही.

अशा कागदांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची आठवण आजच्या दिवशी करणे उचित होईल. पारसनीसांचा जन्म १८७० सालचा. पिंडाने ते नियतकालिकांचे माणूस. 'महाराष्ट्र कोकिळ' हे मासिक त्यांनी अगदी तरुण वयात चालविले. पुढे 'भारतवर्ष' काढले आणि १९०८ साली 'इतिहास संग्रह' हे मासिक सुरू केले. मासिकाला दर महिन्याला मजकूर लागतो. हा मजकूर त्यांनी कल्पनेतून आणला नाही. तो त्यांनी लोकांच्या वाड्यांतून, देवघरांतून आणि जुन्या पेट्यांतून आणला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे त्यांनी लिहिलेले चरित्र १८९४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस होते. पुढे सातारा, महाबळेश्वर, सांगली, पुणे अशा आपल्या भागातील ठिकाणांचा इतिहासही त्यांनी लिहिला. महाबळेश्वरावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१६ सालचे आणि जुन्या पुण्यावरचे १९२१ सालचे. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड सिद्ध केले.

पण त्यांचे सर्वांत मोठे काम एका लहान गावाशी निगडित आहे. ते गाव म्हणजे वाईजवळचे मेणवली. कृष्णेच्या काठी वसलेल्या या गावी नाना फडणविसांनी वाडा बांधला, घाट बांधला, मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ उभारले. तेथे टांगलेली मोठी घंटा अनेकांनी पाहिली असेल. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि मेरी व बाल येशू यांची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयानंतर आलेली ही घंटा होय. अलीकडे तर 'स्वदेस' या २००४ सालच्या चित्रपटामुळे हा घाट घरोघर पोहोचला. माणसे येतात, पायऱ्यांवर बसतात, घंटा पाहतात. परंतु त्याच गावच्या वाड्यात जी खरी ठेव होती तिची चौकशी करणारा क्वचितच भेटतो.

ती ठेव म्हणजे नानांचे दप्तर. नाना १८०० साली वारले. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी जिऊबाई यांनी पुष्कळ हालअपेष्टा सोसल्या आणि पुढे त्या मेणवलीस राहिल्या. नानांचा कारभार मोठा, हिंदुस्थानभर पसरलेला. दिल्ली, नागपूर, हैदराबाद अशा ठिकाणचे वकील त्यांना बारीकसारीक हकीकत लिहून कळवीत. ही हजारो पत्रे रुमालांत बांधलेली, मोडी लिपीत लिहिलेली, मेणवलीच्या वाड्यात पडून होती. राज्य गेले, मुतालकी गेली, तरी रुमाल राहिले. पारसनीसांनी ही पत्रे मिळविली, वाचली, त्यांतील निवडक छापली आणि उरलेली जपून ठेवली. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यास ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९२५ साली उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १९२६ च्या मार्चमध्ये, पारसनीस निवर्तले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका माणसाने आयुष्यभर जमविलेला संग्रह त्या माणसाबरोबर संपू शकतो. वारसांना मोडी येत नाही, जागा अपुरी पडते, वाळवी लागते, आणि एके दिवशी रद्दीवाला दारात येतो. पारसनीसांच्या संग्रहाचे तसे झाले नाही. १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे इतिहासाचार्य त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या जाणत्याच्या हाती तो पडला. मेणवली दप्तरातील नागपूरविषयक पत्रे शेजवलकरांनी संपादून प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला भाग १९५४ साली बाहेर आला. नाना गेल्यावर दीडशे वर्षांनी त्यांची पत्रे बोलू लागली. याचे श्रेय एका माणसाच्या ध्यासाला जितके, तितकेच ते कागद योग्य जागी पोहोचविणाऱ्यांनाही आहे.

आता कोणी म्हणेल की ती नानांची पत्रे, राज्याचा कारभार. आमच्या गावच्या देवळाच्या पेटीत काय असणार? या शंकेचे उत्तरही पारसनीसांच्याच कामात आहे. त्यांनी १९०० साली धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र पत्रांसह प्रसिद्ध केले. स्वामी चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री राहत. १७२७ साली शिद्दी सात याने त्या देवालयाचा विध्वंस केला आणि स्वामी घाटावर धावडशीस आले. पुढे १७३३ साली जंजिऱ्यावर जी मोहीम झाली, तिच्या कारणांमध्ये या घटनेचा उल्लेख इतिहासकार करतात. स्वामी पेशव्यांना आणि सरदारांना कर्जे देत, देवालये आणि तळी बांधवीत. त्या बांधकामांचा, देण्याघेण्याचा, रागलोभाचा सारा तपशील पत्रांत आहे. देवळाचे कागद होते म्हणूनच राज्याचा इतिहास उलगडला.

आपल्यासारख्या साध्या गावी सापडणारे कागद निराळ्या प्रकारचे, पण मोलाने कमी नव्हेत. सनद, निवाडा, जमाखर्चाच्या वह्या, वर्षासनाची याद, इनामपत्र आणि महजर, अशी त्यांची नावे. त्यांतला महजर हा फार सुंदर प्रकार. एखाद्या हक्काचा तंटा पडला की गोत जमे, साक्षी होत, निर्णय लिहिला जाई आणि खाली सर्वांच्या निशाण्या होत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची खूण काढी. पाटलाचा नांगर, सुताराचे किकरे, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी, अशा त्या खुणा. म्हणजे बलुतेदारांसह सारा गाव त्या एका कागदावर उभा असे. ज्यांच्या नावाने इतिहासाच्या पुस्तकात एकही ओळ नाही, त्यांची साक्ष एवढीच उरली आहे. तो कागद चुलीत गेला तर ती माणसे दुसऱ्यांदा मेली असे समजावे.

हे कागद वाचणे प्रारंभी अवघड वाटते, पण अशक्य नाही. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून गेली, तरी ती शिकविणारे वर्ग आजही भरतात. कालगणनेचीही थोडी माहिती असावी. शके दिले असेल तर त्यात ७८ मिळविले की बहुधा इसवी सन येतो. सुहूर सन अरबी संख्यांनी लिहिलेला असतो. खमस म्हणजे पाच, सबा म्हणजे सात, तिसा म्हणजे नऊ. मृग नक्षत्राला सुरू होणाऱ्या या सनात ५९९ मिळविले की इसवी सन निघतो. सुहूर सन १०७५ म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे १६७४ साल. इतकी किल्ली हाती आली तरी पुष्कळ कुलपे उघडतात.

मग अडचण कोठे आहे? अडचण भीतीची आहे, आणि ती जुनी आहे. इंग्रजी अमलात १८५२ पासून इनाम कमिशनने लोकांच्या इनामांची चौकशी केली. कागद दाखविला तर जमीन जाते आणि न दाखविला तरी जाते, असा धसका लोकांनी घेतला. तेव्हापासून घरचा कागद परक्याला दाखवू नये ही शिकवण पिढ्यान् पिढ्या चालत आली. आजही भावकीचा वाद, मानपानाचा वाद, देवस्थानच्या जमिनीचा वाद मनात असतो आणि पेटीचे कुलूप उघडत नाही. हा संकोच समजण्यासारखा आहे. त्याला दोष देऊन चालणार नाही. परंतु विचार असा करावा की, कुलपातला कागद हक्क राखीत नाही. तो फक्त वाळवी पोसतो. देवस्थान इनामाच्या जमिनीविषयी प्रश्न उभा राहिला म्हणजे देवालयाच्या बाजूने बोलायला जुना कागदच पुढे यावा लागतो. तो वेळेवर सापडला नाही तर नुकसान कोणा एका घराचे होत नाही, देवाचे आणि गावाचे होते.

कागद द्यावा असेही कोणी म्हणत नाही. कागद घरातच राहू द्यावा. त्याचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ छायाचित्र घेऊ द्यावे. कोणाच्या घरचा, केव्हा पाहिला, याची नोंद विश्वस्त मंडळाच्या वहीत व्हावी. ज्यांना घरी जपणे कठीण वाटते त्यांनी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांसारख्या संस्थांकडे रीतसर पावती घेऊन ठेव द्यावी. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले. पुण्याचे मंडळ १९१० साली स्थापन झाले त्यात त्यांचा वाटा होता, आणि धुळ्याचे मंडळ १९२७ साली त्यांच्याच स्मरणार्थ निघाले. कागद गावाबाहेर गेला म्हणून गावाचा राहत नाही असे नाही. मेणवलीचे दप्तर पुण्यास आहे, तरी त्याचे नाव मेणवलीचेच आहे.

कागद जपताना काही पथ्ये पाळावीत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करू नये, त्यावर शाईने आकडे घालू नयेत, उन्हात वाळत टाकू नये. जुन्या माणसांची सुती रुमालात बांधण्याची रीत उत्तम होती. कोरडी, हवेशीर जागा आणि वर्षातून दोनदा रुमाल उघडून पाहणे एवढ्यानेही कागदाचे आयुष्य वाढते.

जीर्णोद्धाराच्या कामातही हीच दृष्टी ठेवावी. जुन्या चौकटीवर, दीपमाळेच्या तळाशी, नंदीच्या चौथऱ्यावर कोठेतरी दोन ओळी कोरलेल्या असतात. त्यांवर ऑइलपेंटचे थर चढवू नयेत, यंत्राने घासू नयेत. ओला कागद बसवून ठसा घ्यावा, छायाचित्र घ्यावे आणि मगच दगड हलवावा. आवारातील वीरगळ पायरीला लावू नयेत. ती कोणाच्या तरी पूर्वजाची स्मृती आहे. काढलेली तुळई विकण्यापूर्वी तिच्यावर साल कोरले आहे काय ते पाहावे.

शेवटी एक विनंती या स्मरणिकेविषयीच आहे. आज हिच्यात देणगीदारांची यादी छापली आहे. आपणास ती हिशेबाची यादी वाटते. परंतु शंभर वर्षांनी हीच स्मरणिका कोणाच्या तरी हाती पडेल आणि तो या यादीवरून गाव वाचील. म्हणून मोठ्या रकमांबरोबर पाच रुपये देणाऱ्या म्हातारीचेही नाव असावे. ज्याने पैसे दिले नाहीत पण चार दिवस पाथरवटाच्या हाताखाली राबला, ज्या मायबहिणींनी पाणी वाहिले, ज्याने बैलगाडी वा ट्रॅक्टर दिला, त्यांचीही नोंद व्हावी. जुन्या महजरावर नांगराशेजारी आरी होती, लेखणीशेजारी चाक होते. आपल्या यादीत त्याहून कमी माणसे असू नयेत.

पारसनीसांनी दुसऱ्यांच्या घरचे कागद जपले. आपल्याला केवळ आपले जपायचे आहेत. देवालयाच्या नव्या कपाटात एक खण या कागदांसाठी राखून ठेवावा, त्याची एक किल्ली विश्वस्तांकडे व दुसरी गावच्या शाळेकडे असावी, आणि दर वर्षी उत्सवाच्या आधी तो खण सर्वांसमक्ष उघडावा, असा ठराव ग्रामसभेत व्हावा. कळस चढविण्याइतकेच ते पुण्यकर्म ठरेल.